वाचकांचे प्रश्न : मिरजेच्या माळावरचा कार्टिंग ट्रॅक

मागच्या अंकात आमच्या गो-कार्टिंग ट्रॅकबद्दल चार ओळी छापून आल्या आणि महिनाभरात पत्रांचा गठ्ठा जमला. संपादकांनी तो माझ्याकडे पाठवला, उत्तरं तुम्हीच लिहा म्हणाले. मिरजेच्या पूर्वेला, पंढरपूरच्या रस्त्याला आमचा ट्रॅक आहे. साडेचारशे मीटरचा, दहा कार्टचा, म्हणजे जमिनीलगत धावणाऱ्या छोट्या उघड्या गाड्यांचा. अकरा वर्षं झाली. तिकिटाची खिडकी, हिशेबाच्या वह्या, कामावरची पोरं आणि सकाळची तपासणी माझ्याकडे. इंजिनं माझे दीर बघतात, त्यांना इथे सगळे अण्णा म्हणतात. सारखे प्रश्न मी एकत्र केले आहेत.

प्रश्न : रस्त्याला लागून माझी अडीच एकर काळी जमीन आहे. ऊस बंद करून ट्रॅक करावा म्हणतो. कंत्राटदार म्हणतो, वरून डांबर टाकलं की झालं. खरं आहे का?
*एक वाचक, विटा*

नाही दादा, एवढ्यावर होत नाही. काळी जमीन उसाला सोनं आहे, पण डांबराची वैरीण आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्याबरोबर वरचं डांबरही हलतं. मोटारीत बसलेल्याला ते कळणार नाही, कारण मोटारीला स्प्रिंगा असतात. कार्टला स्प्रिंग नाही की शॉकअप नाही. सांगाड्याचे पाइप लवतील तेवढाच काय तो लवचीकपणा. बूड जमिनीपासून दीड-दोन इंचांवर. अर्धा इंच उंचवटा लागला तरी ठोका थेट मणक्यात बसतो.

आमची जागा माळाची, मुरमाड. तरी ओढ्याच्या अंगाला पन्नासएक फूट काळ्या मातीचा पट्टा होता. रोलर फिरवला की दबेल, असं आम्हालाही सांगितलं गेलं आणि आम्ही ते ऐकलं. दुसऱ्या उन्हाळ्यात तिथे तीन भेगा पडल्या, एकीत माझी चार बोटं जात होती. नेमका तो गाडी सगळ्यात वेगात असण्याचा भाग. ट्रॅक बंद करून सगळं उकरलं. चार फूट काळी माती काढून टाकली, मुरूम भरला. तोही एकदम नाही. सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थरावर पाणी, मग रोलर. त्यावर मोठी खडी, बारीक खडी, आणि शेवटी डांबर. त्या पन्नास फुटांचे पैसे आम्ही दोनदा मोजले.

तुम्ही आधी जेसीबी बोलावून जमिनीत चार ठिकाणी खड्डे घ्या. दोन-तीन फुटांवर मुरूम लागला तर पुढचा विचार करा. आठ-दहा फूट खाली गेलं तरी काळीच निघाली, तर ऊस राहू द्या आणि ट्रॅकसाठी माळावरची जागा भाड्याने बघा. अकृषिक परवानगी, ग्रामपंचायतीचा दाखला आणि विमा हे डांबराच्या आधी उरका. त्यात टाळाटाळ नको.

आखणी करताना संध्याकाळी पाच वाजता जागेवर जाऊन उभे राहा. आमची लांब सरळ पट्टी पूर्व-पश्चिम होती आणि गाड्या पश्चिमेला धावत. गिऱ्हाईक येतं संध्याकाळी. मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत, आणि पट्टी संपते तिथे सगळ्यात अवघड वळण. पहिल्या महिन्यात त्या वळणावर जेवढ्या गाड्या टायरांत घुसल्या तेवढ्या पुढे वर्षभरात घुसल्या नाहीत. शेवटी ट्रॅकची दिशाच उलटी केली. टायरच्या भिंती सगळ्या हलवाव्या लागल्या, पण उपाय लागू पडला.

भिंतींसाठी जुने टायर एकमेकांना बोल्टने जखडा. नुसते रचून ठेवलेले टायर धडकेत उडतात. पुढून साखर कारखान्यातून निघालेला जुना रबरी पट्टा लावा, म्हणजे गाडीचं नाक दोन टायरांच्या फटीत शिरत नाही, घासून पुढे सरकतं. आणि प्रत्येक टायरला खालून दोन भोकं पाडा. नाहीतर पावसाचं पाणी साचतं, डास होतात, आणि गावात डेंग्यू निघाला की लोक तुमच्याकडे बोट दाखवतील. ते बरोबरच असेल.

प्रश्न : मैत्रिणींबरोबर तुमच्याकडे आले होते. तुमच्या माणसाने सगळ्यांसमोर ओढणी काढून ठेवायला लावली, वेणी तुम्ही दिलेल्या अंगरख्यात कोंबायला सांगितलं. फार अवघडल्यासारखं झालं. एवढी गरज होती का?
*एक वाचक, सांगली*

ताई, चारचौघांत बोलला, त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. बायकांचे केस बांधायला आमच्याकडे एक मावशी आहेत, त्या दिवशी त्या सुट्टीवर होत्या. मी स्वतः यायला हवं होतं. पण नियम माझा आहे आणि तो बदलणार नाही. का, ते सविस्तर सांगते.

कार्टमध्ये तुमच्या पाठीला लागूनच मागच्या चाकांचा आस फिरत असतो. आमच्या गाड्यांचा आस चाळीस मिलिमीटर जाड आहे. ताशी 40 किलोमीटर वेगाला तो एका सेकंदात बारा-तेरा वेळा फिरतो. म्हणजे दोन मीटरची ओढणी गुंडाळायला त्याला सव्वा सेकंद लागतो. एवढ्या वेळात ब्रेकवर पायसुद्धा जात नाही. 2018 साली हरियाणात पिंजोरला एका बाईचे केस असेच अडकले आणि तिचा जीव गेला. 2020 मध्ये हैदराबादला एका तरुण मुलीचं तेच झालं.

आमच्याकडे चौथ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेजची एक मुलगी आली होती. ओढणी तिने अंगरख्याच्या आत घेतली होती, आम्ही ते पाहिलंही होतं. पण नीट खोचली आहे की नाही हे कुणी हात लावून बघितलं नाही. तिसऱ्या फेरीत टोक बाहेर आलं. मी खिडकीतून तिचं डोकं एकदम मागे गेलेलं पाहिलं. तिचं नशीब आणि आमचंही, ओढणी जुनी, विरलेली होती, फाटली. गळ्यावर लाल वळ उठला होता, आवाज बसला होता. दवाखान्यात मी बरोबर गेले, तिच्या आईला फोनही मीच केला. तो फोन करताना माझे हात कसे कापत होते ते मला अजून आठवतं.

ट्रॅक दोन दिवस बंद ठेवला. अण्णांनी दहाही गाड्यांच्या आसावर आणि चेनवर पत्र्याची झाकणं बसवली. तेव्हापासून हेल्मेटखाली कापडी टोपी, केस तिच्या आत, टोपीची किनार कॉलरच्या आत. ओढणी, साडी, पुरुषांचं उपरणं, गळ्यातला टॉवेल, लोंबणारी नाडी, यातलं काहीही घालून गाडीत बसता येत नाही. आणि हे नजरेने तपासायचं नाही, हात लावून तपासायचं. एकदा एक मोठे पाहुणे उपरणं काढायला तयार होईनात. त्यांना तिकिटाचे पैसे परत दिले.

पुढच्या वेळी याल तेव्हा खिडकीवर मला हाक मारा. केस मी बांधीन.

प्रश्न : इंजिन कोणतं? सेकंडहँड गाड्या घ्याव्यात का? रोजची देखभाल किती?
*दोन वाचक, कराड आणि तासगाव*

हे अण्णांना विचारून लिहिते आहे. भाड्याच्या कार्टला शर्यतीचं टू-स्ट्रोक इंजिन नको, ते सारखं उघडावं लागतं. आमच्याकडे 200 आणि 270 सीसीची चार स्ट्रोकची होंडा इंजिनं आहेत. याच जातीची इंजिनं पाण्याच्या पंपाला आणि पॉवर टिलरला असतात, त्यामुळे आपल्याकडच्या कुठल्याही हुशार फिटरच्या हाताखालून ती गेलेली असतात. तसं हे पहिल्यापासूनच आहे. 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स याने पहिली कार्ट बनवली, तेव्हा त्यानेही गवत कापायच्या यंत्राचंच इंजिन बसवलं होतं.

ऑइल शंभर तासांनी बदला, असं कंपनीच्या पुस्तकात आहे. आम्ही पंचवीस तासांनी बदलतो. इथलं इंजिन दिवसभर एक तर पूर्ण पिळलेलं असतं, नाहीतर एकदम सोडलेलं. प्रत्येक गाडीला वेगळी वही आहे, त्यात तास लिहायचे. एअर फिल्टर रोज संध्याकाळी. ऊसतोडीच्या दिवसांत आसपास पाचट पेटवतात, त्याची काळी राख ट्रॅकवर उतरते आणि फिल्टरमध्ये जाऊन बसते. तेव्हा दिवसातून दोनदा.

सेकंडहँड गाड्या घ्यायला हरकत नाही, पण रंग बघून घेऊ नका. नव्याने रंगवलेल्या सांगाड्यावर माझा विश्वासच बसत नाही. सीटचे आधार आणि आसाची बेअरिंगं जिथे वेल्ड केलेली असतात तिथे रॉकेलने पुसा, उन्हात धरा. केसाएवढी बारीक तांबूस रेघ दिसली तर तो नुसता वरचा गंज नाही, चीर आहे. तिच्यात पाणी गेलं म्हणून ती तांबडी झाली. आम्ही दर सोमवारी दहाही गाड्या धुऊन ही रेघ शोधतो. माझी नजर आता अण्णांपेक्षा पक्की झाली आहे, हे ते स्वतः सांगतात.

एक गोष्ट नव्या मालकांना कळत नाही. बैलगाडीच्या आसावर दोन्ही चाकं आपापली मोकळी फिरतात. कार्टच्या मागच्या आसाला दोन्ही चाकं पक्की जखडलेली असतात, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मोटारीसारखं डिफरन्शिअल नसतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. मग गाडी वळणार कशी? स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं सांगाड्याला असा पीळ देतात की आतलं मागचं चाक जमिनीपासून किंचित उचललं जातं. त्या क्षणी गाडी तीन चाकांवर असते. म्हणून हवा रोज सकाळी मोजायची, डावी-उजवी सारखी. एका चाकात कमी भरली की गाडी एका वळणाला नीट आणि दुसऱ्याला हट्टी होते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. अशा माणसाला गाडी भंगार मिळाली असं तरी वाटतं किंवा आपण कच्चे आहोत असं. दोन्हींत तो परत येत नाही.

दहा गाड्या असल्या तर आठच धावतील असं धरून हिशेब करा. दोन नेहमी अण्णांकडे असतात.

प्रश्न : शनिवार-रविवार गर्दी दिसते. बाकीचे पाच दिवस कसे काढता? आमच्याकडे असाच एक ट्रॅक दोन वर्षांत बंद पडला.
*एक वाचक, फलटण*

आमचाही पडला असता. पहिल्या वर्षी सगळी सांगली-मिरज एकदा येऊन गेली, फोटो काढून गेली. दुसऱ्या वर्षी मंगळवारी-बुधवारी पोरं सावलीत बसून असायची. एकदाच येणाऱ्या माणसावर ट्रॅक चालत नाही, तो दुसऱ्यांदा येणाऱ्यावर चालतो. आणि तो येतो तो एका कागदासाठी.

ट्रॅकच्या आरंभरेषेत डांबराखाली तार पुरली आहे, प्रत्येक गाडीला एक छोटी डबी आहे. गाडी तारेवरून गेली की फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाते. ही यंत्रणा घेताना घरात फार वाद झाला. त्या पैशांत आणखी दोन गाड्या आल्या असत्या. मी अडून बसले. आता माणूस हेल्मेट काढून खिडकीशी येतो, मी त्याच्या सगळ्या फेऱ्यांचा कागद हातात देते, आणि तो तिथेच उभा राहून वाचतो. 36.912. 36.105. 35.870. मग मला विचारतो, चौथ्या फेरीत काय चुकलं? मी खिडकीतून पाहिलेलं असतं. सांगते, वळणात शिरल्यावर ब्रेक मारलात, आधी मारा, गाडी सरळ असताना. तो पुढच्या आठवड्यात येतो, तेवढी एकच गोष्ट करून बघायला. एखाद्याला नुसतं तिकीट फाडून दिलं आणि फेऱ्या कोणी पाहिल्याच नाहीत, तर तो का येईल?

बुधवारी संध्याकाळी आमची साखळी स्पर्धा असते. तिथे वजनाचा घोळ व्हायचा. पंचावन्न किलोचा पोरगा नव्वद किलोच्या माणसाला सहज मागे टाकतो, त्यात कसब काय? म्हणून 75 किलोची रेघ ठरवली. कमी भरेल त्याच्या सीटशेजारच्या पेटीत पाच-पाच किलोच्या पट्ट्या टाकायच्या. गाडी चिठ्ठीने मिळते, दर शर्यतीला बदलते. हे दोन नियम आल्यावर भांडणं थांबली आणि वजनदार माणसं परत यायला लागली. गुरुवारी सकाळी फक्त बायकांची बॅच असते. सांगली-कराडकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं स्वतः बनवलेल्या कार्ट घेऊन सोमवारी चाचणीला येतात. त्यांच्याकडून मी पैसे कमी घेते आणि अण्णांना त्यांच्यापाशी उभं करते.

ट्रॅकवरच्या माणसांकडे दुर्लक्ष करू नका. आमचा झेंडेवाला बैलगाडा शर्यतींच्या मैदानांवर झेंडा पंच होता. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली आणि तो रिकामा झाला. मी त्याला बोलावलं. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओलांडायचं नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्या. लाल म्हणजे सगळे थांबा. हे त्याला एका दुपारीत पाठ झालं. पण धावणाऱ्या जनावराकडे बघून ते आता कुठे वळणार हे ओळखणारी त्याची नजर मी कुणालाही शिकवू शकले नसते. गाडी फिरायच्या आधी त्याचा पिवळा झेंडा वर गेलेला असतो. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परत परवानगी मिळाली. आता मोठं मैदान असलं की तो दोन दिवस रजा मागतो आणि मी ती देते.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे, कार्टचं वेड लागलंय. पाठवावं का? सीटला पट्टासुद्धा नसतो म्हणे. आणि यातून पुढे काही होतं का?
*एक आई, मिरज*

पट्ट्याचं आधी. शर्यतीच्या कार्टला पट्टा नसतो, कारण डोक्यावर संरक्षणाची कमान नसते. अशी गाडी उलटली तर बांधलेला माणूस तिच्याखाली सापडतो. कमान असलेल्या भाड्याच्या गाडीला पट्टा असतोच आणि तो लावायलाच लागतो. कुठल्याही ट्रॅकवर गेलात तर कमान आणि पट्टा ही जोडी बघा. एक आहे आणि दुसरं नाही, तर मुलाला बसवू नका.

आम्ही मुलांचं वय विचारत नाही, उंची मोजतो. मागे टेकून बसल्यावर दोन्ही पेडल पूर्ण दाबता आली पाहिजेत. ब्रेक डाव्या पायाला, एक्सलेटर उजव्या, दोन्ही एकाच वेळी कधीच नाही. हेल्मेट मोठ्यांचं चालत नाही. ते घालून मुलाने मान हलवली आणि हेल्मेट मागे राहिलं, तर दुसरं मागा.

पुढचं विचारलंत म्हणून सांगते. मायकेल शूमाकर सात वेळा फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. त्याचे वडील गवंडीकाम करायचे, आणि जर्मनीत केर्पेनच्या कार्टिंग ट्रॅकची देखभाल बघायचे. आई तिथल्याच कँटीनमध्ये काम करायची. त्याची पहिली कार्ट वडिलांनी मोपेडचं इंजिन बसवून केली होती. ही हकीकत मला फार जवळची वाटते, कारण आमच्या कँटीनमध्येही दोन पोरं गृहपाठ करत बसलेली असतात. पण तुमच्या मुलाला मी ती सांगणार नाही. शर्यतीची कार्ट, टायर, प्रवास, हा खर्च मध्यमवर्गीय घराला पेलणारा नाही, हे आईने आधीच ओळखून असावं. दोन वर्षं आमच्याकडे भाड्याच्या गाडीत येऊ द्या. त्याच्या वेळा उतरत गेल्या आणि तो न कंटाळता येत राहिला, तर कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर घेऊन जा. तिथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. खऱ्या शर्यतीची मुलं कशी गाडी चालवतात ते त्याला डोळ्यांनी दिसेल. त्यानंतर काय ते तुम्ही दोघं ठरवा.

प्रश्न : पावसाळ्यात बंद असता का?
*अनेक वाचक*

रिमझिमीत चालू, जोरात आला की बंद. ओल्या डांबरावर मी आधी एक फेरी स्वतः मारते, मगच गिऱ्हाईक सोडते. पावसापायी बरेच दिवस बंद एकदाच राहिला, ऑगस्ट 2019 मध्ये. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 ची. आमचा माळ उंचावर, म्हणून नदीकाठचे नातेवाईक आणि त्यांचे शेजारी जनावरं घेऊन आले. दहा दिवस ट्रॅकवर म्हशी बांधल्या होत्या आणि गाड्यांच्या शेडमध्ये माणसं झोपत होती. नंतर डांबर धुवायला चार दिवस गेले. त्यातली कितीतरी माणसं आता आमची नेहमीची आहेत.

प्रश्न : तुमच्या ट्रॅकवरची सगळ्यात कमी वेळ कोणाची?
*एक विद्यार्थी, वालचंदनगर*

सांगलीच्या हळदीच्या पेठेत टेम्पो चालवणाऱ्या एका माणसाची. 32.417 सेकंद, दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली. थंड हवेत इंजिन जास्त ओढतं, म्हणून तो उन्हाळ्यात त्या आकड्याच्या मागे लागत नाही, नुसता सराव करतो. बुधवारी माल उतरवून थेट येतो, बाह्यांना हळद लागलेली असते, आमच्या अंगरख्यांच्या कॉलरी पिवळ्या होतात. गेल्या आठवड्यात त्याची 32.588 आली. कागद वाचून म्हणाला, वहिनी, ओढ्याकडच्या वळणात मी अजूनही एक्सलेटर लवकर सोडतोय. मलाही खिडकीतून तेच दिसलं होतं.